एतेरीला अर्पण

माझी वहिनी एतेरी आमच्या कुताईसी गावच्या डेअरीत दूध तपासायची. गावोगावचे कॅन सकाळी उतरायचे आणि तिच्यासमोर रांगेत लागायचे. ती पळी बुडवायची, वास घ्यायची, नळीत ओतून बघायची आणि मान हलवायची. मान उभी हलली तर दूध आत, आडवी हलली तर कॅन परत गाडीवर. खोनीकडच्या खेड्यांतले म्हातारे झाकण उघडण्याआधी छातीवर क्रूस काढायचे. कुणी खेड्याची आण घ्यायचं, कुणी गाईची. वहिनी कुणाशी भांडायची नाही. "काका, गाय खोटं बोलत नाही, पण तिच्या नि माझ्या मध्ये कुणीतरी नदीवर जाऊन आलंय," एवढंच म्हणायची.

माझा भाऊ वार्लाम तिच्या अगदी उलट. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात बुद्धिबळाची कोडी रचायचा. रचायचा, खेळायचा नाही. खेळणारे आमच्याकडे पैशाला पासरी. बागेतल्या बाकांवर, न्हाव्याच्या दुकानात, नदीकाठच्या दगडांवरसुद्धा पट मांडलेले असतात. कोडी रचणारा मात्र गावात एखाद-दुसराच. दादा चार-सहा सोंगट्या अशा मांडून ठेवायचा की बघणाऱ्याला वाटावं, पांढरा आता मेलाच. आणि खाली लिहायचा, पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो. चांगले चांगले खेळाडू त्यावर दोन-दोन दिवस डोकं धरून बसायचे. मला स्वतःला सोंगट्या कशा चालतात याच्यापलीकडे काही कळत नाही, पण इतकी वर्षं या दोघांच्या शेजारी राहून एक गोष्ट कळली. अशा कोड्याला वाट एकच असावी लागते. दुसरी वाट सापडली, किंवा रचणाऱ्याने सांगितलेली वाटच मध्ये कुठे बुजलेली निघाली, तर ते कोडं कितीही सुंदर असो, बाद.

त्यांची भेटच अशा बाद झालेल्या कोड्यावरून झाली. झुगदिदीला मुलींची स्पर्धा होती आणि तिथल्या मंडळींनी दादाचं एक कोडं सभागृहात मोठ्या पटावर लावलं होतं. विश्रांतीच्या दिवशी सगळे पंच, प्रशिक्षक, मुली त्याच्यासमोर घोळका करून उभे. दादा मागे हात बांधून, गालातल्या गालात हसत. तेवढ्यात एक उंच, हाडकुळी मुलगी पुढे आली, थोडा वेळ बघत राहिली आणि तिने हत्ती उचलून भलत्याच घरात ठेवला.

"हे उत्तर नाही," दादा म्हणाला.

"उत्तर नाही कसं? जिंकतोय की पांढरा."

"जिंकतोय, पण... ही वाट नाही."

"मग दोन वाटा आहेत. कुणी रचलंय हे?"

"मी."

"घाईत रचलंय तुम्ही," ती म्हणाली आणि हत्ती परत जागेवर ठेवून चहा प्यायला गेली.

दादा घरी आला तो तोंड पाडूनच. आई चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, "एक मुलगी भेटली. चार लोकांत माझी पार शोभा केली तिने." आईने भाकरी उलटली. "दिसायला कशी आहे?" दादा म्हणाला, "मी काय विचारतोय आणि तू काय विचारतेस!" आई म्हणाली, "तू काहीच विचारलेलं नाहीस. मीच विचारतेय."

पुढच्या वर्षी वहिनी आमच्या घरात होती.

ती मेग्रेलियाची, आम्ही इमेरेतीचे. आम्हा इमेरेतीच्या लोकांच्या जिभेवर साखर असते असं सगळे म्हणतात, आणि मेग्रेलियाच्या लोकांच्या जिभेवर मिरची. पहिल्याच रविवारी वहिनीने माहेरच्या पद्धतीचा लाल ठेचा घालून कोंबडी केली. आईने एक घास घेतला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी म्हणाली, "फार छान झालंय हो, बाळ. अगदी हलकं." वहिनी म्हणाली, "सासूबाई, छान झालं असतं तर तुम्ही रडला नसता. उद्या कमी घालते." आई माझ्या कानाशी लागली, "नूनू, ही बाई खोटं बोलू देत नाही गं. कसं व्हायचं आपलं?"

वहिनी लग्नाआधी उत्तम खेळायची. तिने खेळणं का सोडलं, याच्या गावात पुष्कळ कहाण्या होत्या. कुणी म्हणायचं नवऱ्याने सोडायला लावलं, कुणी म्हणायचं लेक झाली म्हणून. खरं कारण तिने मला मनुका निवडताना सांगितलं होतं. तिला घड्याळ सोसायचं नाही. एखादी स्थिती पटावर आली की तिला त्या स्थितीत राहावंसं वाटायचं. प्रत्येक दार उघडून बघावंसं वाटायचं. तेवढ्यात वेळ संपून घड्याळाचं निशाण पडायचं आणि समोरची मुलगी हात पुढे करायची. "मी हरायचे त्याचं काही नाही गं," ती म्हणाली, "पण अर्धवट बघून उठायचं म्हणजे जेवता जेवता ताट ओढून नेल्यासारखं."

म्हणून दादाची कोडी तिच्या हाती आली ते बरंच झालं. तिथे घड्याळ नव्हतं. दादा नवी रचना खिडकीतल्या छोट्या पटावर मांडून शाळेत जायचा. वहिनी डेअरीतून आली की येता-जाता बघायची. राजमा चुलीवर ठेवला की बघायची, लेकीची वेणी घालताना बघायची. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. मग एखाद्या संध्याकाळी दादा वर्तमानपत्र वाचत असताना शांतपणे म्हणायची,

"वार्लाम, पाणी आहे."

दादा वर्तमानपत्र आपटायचा. "कुठे?"

"पाचव्या खेळीला. काळ्याचा उंट मागे घेऊन बघ."

"उंट मागे कोण घेईल? कोण मूर्ख घेईल?"

"मी घेतला असता."

आणि दादा कुरकुरत पटाशी जायचा, तासाभराने डोकं खाजवत परत यायचा, आणि दुसऱ्या दिवशी एखादं प्यादं एक घर सरकलेलं असायचं. ज्यात तिला पाणी सापडायचं नाही तेवढीच रचना मासिकाकडे जायची. त्यामुळे वार्लाम गोगुआद्झेच्या कोड्यात कधी भोक निघत नाही असं तिबिलिसीपर्यंत नाव झालं. दादा ते नाव मिरवायचा, पण चार लोकांत म्हणायचाही, "माझं कसलं नाव? माझ्या घरात प्रयोगशाळा आहे."

वहिनी चाळीस वर्षांची होणार होती त्या सालची ही गोष्ट. मॉस्कोच्या एका मासिकाने मोठी स्पर्धा जाहीर केली होती. दादाच्या मनात आलं की या स्पर्धेत एक रचना पाठवायची आणि ती वहिनीला अर्पण करायची. वर छापतात तसं, दोन शब्द. आणि तिला आधी काही कळू द्यायचं नाही.

आता हे करायचं कुठे? घरातल्या पटावर मांडलं की ती बघणार. म्हणून त्याने पट माझ्याकडे आणला. आमचं अंगण एक, दारं समोरासमोर. दर संध्याकाळी तो हातात पाना घेऊन यायचा, माझा नळ दुरुस्त करायला म्हणून. कोट काढून आतल्या खोलीत पटासमोर बसायचा. नळाला बोटसुद्धा लागत नव्हतं.

"नूनू," वहिनी एकदा म्हणाली, "तुझा नळ अजून गळतोच का गं?"

"हो ना वहिनी, फार जुना झालाय."

"आणि वार्लामच्या हाताला तेल कसं नसतं?"

मी काय सांगणार? म्हटलं, "तुझा नवरा फार स्वच्छ काम करतो." ती हसली. तिला वाटलं असेल, भाऊ-बहीण आईच्या आजारपणाचं काही बोलत असतील. आई तेव्हा थकत चालली होती. वहिनीने पुढे काही विचारलं नाही.

वसंतात कोडं तयार झालं. दादाने मला ते समजावलं तेव्हा माझ्यासारख्या अडाण्यालाही ते आवडलं. पांढऱ्याचं एक प्यादं धडपडत शेवटच्या घरात पोचतं. तिथे पोचलं की त्याचा वजीर करतात, सगळं जग करतं. पण इथे वजीर केला तर काळ्या राजाला शह बसत नाही आणि हलायला घरही उरत नाही. तो कोंडला जातो आणि डाव बरोबरीत सुटतो. म्हणून वजीर नाही करायचा. साधा उंट करायचा. उंटाने राजाला एक घर मोकळं राहतं, आणि त्या एका घरातच तो सापडतो. "बघ," दादा म्हणाला, "जास्त घेतलं की हातातलं जातं. थोडं घेतलं की सगळं मिळतं." आणि हे सगळं साधायला, कितीतरी आधी, तिसऱ्या खेळीला पांढऱ्याने आपलं दुसरं प्यादं काळ्याच्या तोंडी फुकट द्यायचं असतं. काळा ते खातो, आणि त्यामुळेच शेवटी फसतो. दादाने ते स्वतः तपासलं, तिबिलिसीच्या दोन मित्रांकडून तपासून घेतलं, आणि पाठवलं.

निकाल शरदात लागला. पहिलं बक्षीस! बातमी दादाला फोनवर कळली, पण तो घरी फक्त एवढंच म्हणाला की रविवारी जेवायला माणसं येणार आहेत, अमिरान येणार आहे. अमिरान म्हणजे तिबिलिसीचा ग्रँडमास्टर, दादाचा जुना स्नेही. मोठमोठ्या स्पर्धा खेळलेला माणूस.

नुकतीच द्राक्षं उतरवून झाली होती. अंगणात मांडवाखाली लांब टेबल लावलं. आम्ही बायकांनी सकाळपासून अक्रोडाचं वाटण केलं, वांगी भरली, चीज भरून खाचापुऱ्या भाजल्या. आईला शाल गुंडाळून टेबलाच्या टोकाशी बसवलं. शेजारचे बेसारिओनकाका तमादा झाले. म्हणजे पेला कधी उचलायचा, कुणाच्या नावाने उचलायचा आणि त्याआधी किती वेळ बोलायचं हे सगळं त्यांच्या हाती. काकांना बोलायला फार आवडायचं. देवाच्या नावाने, मातीच्या नावाने, गेलेल्यांच्या नावाने पेले झाले, आणि मग अमिरानने पिशवीतून मासिक काढलं.

"एतेरी, इकडे या," तो म्हणाला. "हे वाचा."

वहिनीने हात पुसले, चष्मा लावला. पानावर पटाचं चित्र होतं, वर दादाचं नाव, पहिलं बक्षीस, आणि त्याखाली बारीक अक्षरांत "एतेरीला अर्पण". ती बघत राहिली. मग ती दादाकडे वळली.

"म्हणजे नूनूचा नळ ठीक आहे?"

एकच हशा पिकला. दादाचे कान लाल झाले. वहिनीने त्याच्या टकलावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. आमच्याकडे सासरच्या माणसांसमोर असं कुणी करत नाही. आईने दुसरीकडे बघितलं, पण हसत होती.

"मी उत्तर वाचलेलं नाही," अमिरान म्हणाला. "शपथेवर. इथेच सोडवतो, तुमच्या समोर."

पट आणला. अमिरानने पहिल्या दोन खेळ्या चटकन केल्या. मग थांबला. कोंबडी आली, निवली. बेसारिओनकाका ग्रँडमास्टरांच्या बुद्धीच्या नावाने बोलले, मग ग्रँडमास्टरांच्या धीराच्या नावाने बोलले. अमिरान पट उचलून अंजिराच्या झाडाखाली जाऊन बसला. "उपाशी मरेल हो तो," आई म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून असलं काय करतात हे लोक?" ऊन मांडवावरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा झाडाखालून आरोळी आली, "उंट! अरे वार्लाम, लबाडा, उंट!" तो धावत आला, दादाच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि उभ्यानेच शिंगाच्या पेल्यातली वाइन संपवली.

सगळे ओरडत होते, गात होते. मी वहिनीकडे बघितलं. ती हातात ताटांची चळत घेऊन अंजिराखाली उभी होती आणि पटाकडे बघत होती. मला वाटलं, आनंदाने बघतेय. तसं असेलही तेव्हा.

दोन आठवड्यांनी आम्ही दोघी ओसरीवर मक्याची कणसं सोलत बसलो होतो. दादा शाळेत होता. वहिनी अचानक म्हणाली,

"नूनू, त्यात पाणी आहे."

मला आधी कळलंच नाही. "कशात?"

"माझ्या कोड्यात."

माझ्या हातातलं कणीस खाली पडलं. "काहीतरीच काय! अमिरानने सोडवलं ना? मॉस्कोतल्या परीक्षकांनी बघितलं ना?"

"बघितलं. सगळे धरून चालले की काळा ते प्यादं खाणारच. का खाणार? फुकट मिळतंय म्हणून? नाही खाल्लं तर? राजा नुसता एक घर मागे घेतला, तर पांढऱ्याचं पुढचं प्यादं अडतं ते अडतंच. पांढरा नाही जिंकत. मी रोज बघतेय. रोज वाटतं, आज माझी चूक सापडेल."

"मग?"

"नाही सापडत."

निकाल अजून पक्का नव्हता. नवं वर्ष उजाडेपर्यंत कुणालाही हरकत घेता येत होती. तोवर कुणी घेतली नाही तर बक्षीस कायम.

"वहिनी, कुणाला कळणार नाही गं," मी म्हटलं. "एवढ्या मोठमोठ्यांना नाही दिसलं. राहू दे की. प्रेमाने दिलंय त्याने."

"ते मला कळत नाही का?" ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आयुष्यभर त्याच्या प्रत्येक रचनेला मी हात लावला. एकीलाच नाही लावला, कारण ती माझ्यासाठी होती. आता वर माझं नाव आणि आत भोक. मी रोज सकाळी त्या म्हाताऱ्यांचे कॅन परत पाठवते, नूनू. कुठल्या तोंडाने पाठवू?"

"दादाचं मन मोडेल."

"हो," ती म्हणाली आणि पुढचं कणीस घेतलं.

आणखी एक आठवडा तिने वाट बघितली. मग एका रविवारी, जेवण झाल्यावर, खिडकीतल्या पटावर ती स्थिती मांडली आणि दादाला हाक मारली. मी आईला औषध द्यायला आले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"वार्लाम, तिसऱ्या खेळीला मी प्यादं नाही खात. राजा मागे घेते. तू खेळ."

दादा हसत हसत बसला. एक खेळी केली, दुसरी केली. मग हसू थांबलं. सोंगट्या परत मांडल्या, दुसऱ्या तऱ्हेने खेळून बघितलं. तिसऱ्यांदा मांडल्या. वहिनी समोर बसून काळ्याकडून शांतपणे खेळत राहिली. शेवटी दादाने हात मांडीवर ठेवले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"थोडे दिवस झाले."

"आणि तू... एतेरी, एखादी गोष्ट तुला नुसती घेता येत नाही का गं? कुणी फूल दिलं तर त्यातली अळीच शोधायची?"

"मी शोधली नाही. दिसली."

"तुलाच बरी दिसली! अमिरानला नाही दिसली!"

"अमिरान उत्तर शोधत होता. मी तुझी रचना बघत होते."

दादाने टोपी घेतली आणि बाहेर गेला. आई पलंगावरून म्हणाली, "लाकडाच्या बाहुल्यांवरून घर सोडून निघाला बाई!" वहिनी सोंगट्या डब्यात भरत होती. घोडा दोनदा हातातून निसटला.

दादा अंधार पडायच्या आत परत आला, नदीवर बसून. पण तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी शाळेतून येताना पोस्टात गेला आणि परीक्षकांना तार केली, की माझ्या रचनेत दोष आहे, तिसऱ्या खेळीला काळा राजा मागे जातो, मी ती परत घेतो. घरी आल्यावर पावती टेबलावर ठेवली. वहिनीने ती वाचली.

"मला सापडलं असं लिहायचं होतंस. तुझ्यावर कशाला घेतलंस?"

"मीच रचलं होतं ना," दादा म्हणाला. "वाढ जेवायला."

एवढंच. त्या दिवशी कोंबडीत ठेचा जास्तच पडला होता. दादा रडत रडत जेवला आणि छान झालंय म्हणाला. या वेळी वहिनीने त्याला टोकलं नाही.

गावात मात्र महिनाभर हाच विषय. बेसारिओनकाका कुंपणावरून ओरडले, "अरे वार्लाम, त्या दिवशी मी तुझ्या नावाने एवढं बोललो, ते आता परत घ्यायचं का? मला पुन्हा आठवायचं नाही बाबा!" दादाने उत्तर दिलं, "बोललेलं राहू द्या काका, प्यालेलं परत करा." अमिरानचा तिबिलिसीहून फोन आला. पाच मिनिटं तो नुसता हसत होता आणि मग म्हणाला, "एतेरींना फोन द्या." वहिनीने फोन कानाला लावला आणि ऐकत राहिली. काय म्हणाला असं मी विचारलं, तर म्हणाली, "म्हणतो, तुम्ही खेळणं सोडलंत ते आम्हा सगळ्यांवर उपकार झाले. लाडीगोडी. मूळचा इमेरेतीचाच आहे ना तोही."

मग दुरुस्तीचं काम सुरू झालं आणि ते फार वर्षं चाललं. आता लपवाछपवी नव्हती, पट खिडकीतच असायचा. काळ्याला ते प्यादं खाणं भाग पाडायचं, एवढाच प्रश्न. दादाने काळ्याचा एक घोडा वाढवून बघितला. प्यादं खाणं भाग पडलं! दोघं अंगणात येऊन मला सांगून गेले. तासाभराने वहिनी एकटी परत आली आणि पायरीवर बसली.

"उंट गेला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"घोडा आला ना. आता काळ्याचा राजा कोंडला तरी घोडा हलू शकतो. मग कोंडी कसली? सरळ वजीर केला तरी पांढरा जिंकतो. उंट करायचं कारणच उरलं नाही."

तो उंट वाचवायला दादाने काय काय केलं! सगळा पट आरशात बघावा तसा उलटवला. हत्ती काढले, घातले. मध्ये आई गेली, लेकीचं लग्न झालं, दादाचे केस होते तेही गेले. कधी सहा-सहा महिने पटाला हात लागायचा नाही. वहिनीने स्वतः कधी काही रचलं नव्हतं; ती म्हणायची, मला रिकामा पट बघून भीती वाटते. पण एका हिवाळ्यात, दादा न्यूमोनियाने पडून असताना, ती त्याच्या उशाशी पट घेऊन बसली आणि उंटाचा नाद सोडून दिला. घोडा ठेवला. प्यादं खाऊ दिलं. आणि पांढऱ्याच्या राजाला, सगळ्यांना वाटतं तसं पुढे न नेता, उलट्या दिशेने लांबचा फेरा मारून आणलं. सगळ्या पटाला वळसा घालून तो हळूहळू चालत येतो आणि अगदी वेळेवर पोचतो.

दादाने उशीला टेकून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"उंट नाही," तो म्हणाला.

"नाही."

"जिंकतो मात्र."

"जिंकतो. आणि भोक नाही. मी महिनाभर बघतेय."

"माझं जास्त सुंदर होतं."

"हो," वहिनी म्हणाली. "होतंच."

बरा झाल्यावर दादाने दोन प्यादी इकडची तिकडे केली, आणि रचना दोघांच्या नावाने पाठवली. स्वतःच रचलेली गोष्ट स्वतःला अर्पण करता येत नाही, म्हणून अर्पण गळालं. बक्षीस मिळालं नाही. खाली, बऱ्याच नावांच्या शेवटी, उल्लेखनीय म्हणून छापली गेली. दादाने तो अंक नाइलाजाने ठेवल्यासारखा कपाटावर ठेवला. पण कुणी पाहुणा आला की तोच काढायचा. "हा राजा बघा," म्हणायचा, "हा आमच्या एतेरीचा राजा. भाजी घ्यायला निघाल्यासारखा जातो आणि लढाई जिंकून येतो."

दादा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. विजेचे हाल होते त्या काळात गेला. वहिनी नंतर डेअरीतून निवृत्त झाली, डेअरीही बंद पडली. पण कोडी तपासून घ्यायला माणसं येत राहिली. तिबिलिसीहून, येरेवानहून, एकदा युक्रेनचं एक तरुण जोडपं मधुचंद्राला म्हणून आलं आणि दोन दिवस ओसरीवर पटाशी बसलं. वहिनी सगळ्यांना जेवायला घालायची आणि बहुतेकांच्या रचना परत पाठवायची.

यंदा उन्हाळ्यात तिची नात तेकले सुट्टीला आली. तिच्या लॅपटॉपमध्ये बुद्धिबळाचं यंत्र आहे. माणसाला वर्ष लागेल ते क्षणात सांगतं. तिने आजी-आजोबांच्या जुन्या रचना एकेक करून त्यात घातल्या. बहुतेक सगळ्या खणखणीत निघाल्या. मग त्या राजाच्या फेऱ्याची पाळी आली, आणि तेकले जरा अवघडली. मी तिथेच बसले होते.

"आजी, राहू दे का ही?"

"का राहू दे? बघ."

तेकलेने बोटं चालवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पांढरा जिंकतो, वाट एकच." मग जरा थांबून, "म्हणजे... एका ठिकाणी राजाला दोन घरांतून जाता येतं. पुढच्या खेळीला दोन्ही वाटा एकाच घरात येतात. नियमाने हा दोष धरत नाहीत, पण दोन आहेत."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"कधीपासून?"

"पाठवायच्या आधीपासून."

मला राहवलं नाही. "आणि दादाला सांगितलं नाहीस? तू?"

"नियमात बसतं ते, नूनू," वहिनी म्हणाली. "आणि त्याला सांगितलं असतं तर आणखी पाच वर्षं झोपला नसता. छाती तेव्हा किती वाईट होती त्याची." तिने पदर झटकावा तसा मांडीवरचा भाकरीचा भुगा झटकला आणि तेकलेला म्हणाली, "चल, बंद कर ते आता. अंजिरं पक्षी खाऊन जातील, शिडी धर मला."

"तू चढणार?" तेकले ओरडली.

"मग कोण? तुझं यंत्र?"

शेवटी तेकले चढली. आम्ही दोघी म्हाताऱ्या खाली टोपली धरून उभ्या राहिलो आणि कुठलं पिकलंय, कुठलं नाही, ते ओरडून सांगत राहिलो.